चालढकलीचे मूळ: मेंदू, भावना आणि अडलेले काम

जॉर्ज ॲकरलॉफ हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी वर्षभर भारतात राहिले होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांना भेटायला आले आणि परतताना सामानाच्या मर्यादेमुळे कपड्यांचे एक खोके त्यांच्याकडे ठेवून गेले. ते खोके अमेरिकेला पाठवायचे, एवढेच काम होते. पार्सलच्या खटपटीत अख्खा दिवस मोडेल असा ॲकरलॉफ यांचा अंदाज होता. रोज सकाळी उठल्यावर ते ठरवत, उद्या नक्की. आठ महिन्यांहून अधिक काळ हे चालले. अखेर मायदेशी निघालेल्या दुसऱ्या एका मित्राच्या सामानात ते खोके गेले. १९९१ मध्ये ॲकरलॉफ यांनी एका शोधनिबंधात ही हकिकत स्वतःच लिहिली. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, ॲकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांना मायकेल स्पेन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या आठ महिन्यांतला कुठलाही एक दिवस सुटा काढून पाहा, त्या दिवशीचा निर्णय चुकीचा वाटत नाही. एका दिवसाने काय बिघडते? आजचा दिवस वाचतो आणि खोके उद्याही तिथेच असणार असते. असे शहाणे वाटणारे दोन-अडीचशे निर्णय एकापुढे एक मांडले की मात्र त्यांची बेरीज शहाणपणाची राहत नाही. चालढकलीचा सगळा पेच यात आहे, आणि आळशी म्हणून ज्याला कोणी नावे ठेवणार नाही असा माणूसही त्यात सापडतो. प्रस्तुत पुस्तक हा पेच मेंदूच्या अंगाने उलगडू पाहते. त्याआधी या विषयाचा एकंदर प्रदेश नव्या वाचकाला दाखवावा, म्हणून ही प्रस्तावना.

चालढकल म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवून घ्यायला हवे, कारण आपण उशिराच्या प्रत्येक प्रकाराला तोच शिक्का मारतो. विश्रांती घेणे ही चालढकल नव्हे. अधिक निकडीचे काम आधी घेऊन दुसरे मागे ठेवणेही नव्हे. अभ्यासक जिला चालढकल मानतात तिच्यात काही गोष्टी एकत्र असाव्या लागतात: काम करायचे आहे हे आपणच ठरवलेले असते, लांबवले तर आपलेच नुकसान होईल हे कळत असते, कोणी अडवलेले नसते, आणि तरीही आपण ते लांबवतो. आळशी माणसाला काम करायची इच्छाच नसते, त्यामुळे तो निवांत असतो. चालढकल करणाऱ्याला इच्छा असते आणि म्हणून निवांतपणा नसतो. प्रबंधाचे प्रकरण लिहायला बसलेला माणूस आधी टेबल आवरतो, जुनी कात्रणे लावतो, तीन पत्रांना उत्तरे देतो. संध्याकाळी तो दमलेला असतो आणि प्रकरणाचे पान कोरे असते. अशा माणसाला ‘जरा हातपाय हलव’ असे सांगणे किती व्यर्थ आहे, हे त्याच्या घरच्यांनाही कळत नाही.

या दुखण्याची जाण जुनी आहे. ग्रीक कवी हेसिऑडने इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास शेतकऱ्याला कामे उद्या-परवावर न टाकण्याचा उपदेश केला. पंचतंत्रातल्या तीन माशांपैकी येणारे संकट ओळखून आधीच तळे सोडतो तो अनागतविधाता, आणि होईल ते होईल म्हणत जाळ्यात सापडतो तो यद्भविष्य. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत आळस, विषाद आणि दीर्घसूत्रीपणा ही तीन वेगवेगळी मोजली आहेत. चालढकल आणि खिन्नता यांचे नाते आजच्या संशोधनात फार महत्त्वाचे ठरले आहे, म्हणून ती यादी मला विशेष वाटते. दासबोधात समर्थांनी आळसाला करंटेपणाची खूण ठरवले आणि यत्नाचा पुरस्कार केला. या सगळ्या परंपरेने चालढकल हा स्वभावाचा दोष मानला आणि त्यावर उपदेश हा उपाय सांगितला. उपदेशाने कित्येकांना बळ दिले असेल. पण ज्याला उपदेश तोंडपाठ आहे आणि तरीही काम सुरू करता येत नाही, त्याच्या हाती त्यातून अपराधीपणाच अधिक येतो. आपल्या घराघरांत हे आजही घडते.

दोषाकडून कारणांकडे वळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी विल्यम नाउस यांच्यासह १९७७ मध्ये या एकाच विषयावर पुस्तक लिहिले. मराठी वाचकांना एलिस परिचित आहेत ते अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे. चालढकलीमागे स्वतःला कमी लेखणे असते आणि थोडीही गैरसोय सोसायची तयारी नसते, असे निदान या जोडीने केले. पुढे जेन बर्का आणि लेनोरा युएन यांनी विद्यार्थ्यांच्या समुपदेशनातून अपयशाच्या आणि यशाच्याही भीतीकडे बोट दाखवले. १९८४ मध्ये लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी विद्यार्थ्यांसाठी मोजपट्टी तयार केली, आणि विषय समुपदेशकाच्या खोलीतून प्रयोगशाळेत आला.

त्या काळातला एक अभ्यास मात्र थांबून पाहावा असा आहे. डायेन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका वर्गाचा सत्रभर मागोवा घेतला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुले इतरांपेक्षा कमी तणावात होती आणि त्यांच्या आजारपणाच्या तक्रारीही कमी होत्या. सत्र संपत आले तसे चित्र उलटले. तणाव वाढला, तक्रारी वाढल्या, गुणही कमी पडले, आणि एकूण हिशेबात त्यांनी इतरांपेक्षा अधिक सोसले. ‘दडपण आले की माझे काम उत्तम होते’ असे मानणाऱ्या वाचकाने हा निष्कर्ष मनावर घ्यावा. पण त्याचा पहिला भागही विसरू नये. चालढकलीने सुरुवातीला खरोखरच बरे वाटते. त्या बरे वाटण्यातच ती टिकून राहण्याचे कारण आहे.

याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ आणि वर्तनशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होते. आज ५०० रुपये हवेत की महिन्याने ६००, असे विचारले तर पुष्कळ जण आजचे ५०० घेतात. वर्षाने ५०० की तेरा महिन्यांनी ६००, असे विचारले की तीच माणसे महिनाभर थांबायला तयार होतात. अंतर दोन्हीकडे एकच महिन्याचे आहे. बदलते ते एवढेच की एक पर्याय अगदी हाताशी येतो आणि हाताशी आलेल्या गोष्टीचे वजन एकाएकी वाढते. जॉर्ज एन्स्ली यांनी १९७० च्या दशकात हा कल कबुतरांमध्येही दाखवला. लगेच मिळणाऱ्या थोड्या दाण्यांवर कबुतरे टोच मारत आणि थोड्या वेळाने मिळणारे जास्त दाणे गमावत. पण काही कबुतरे आणखी एक गोष्ट शिकली: मोहाचे बटण उजळण्याआधीच दुसऱ्या बटणावर टोच मारून तो मोह बंद करून टाकायचा. इच्छाशक्तीचे गोडवे गाणाऱ्या ग्रंथांपेक्षा या पक्ष्यांकडून मला अधिक शिकायला मिळाले आहे. मोहाशी झुंजण्यापेक्षा तो समोर येण्यापूर्वी वाट बंद करणे सोपे असते.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये तोवरच्या शेकडो निष्कर्षांची एकत्र छाननी केली. परिपूर्णतेचा अट्टहास हे चालढकलीचे मुख्य कारण असते, हा लोकप्रिय समज त्यात फारसा टिकला नाही. काम नावडते असणे, आपल्याला ते जमेल असा भरवसा नसणे, फळ लांब असणे आणि स्वभावात उतावळेपणा असणे, ही कारणे ठळकपणे पुढे आली. उतावळेपणाचा मुद्दा पुढे जुळ्या भावंडांच्या एका अमेरिकी अभ्यासानेही उचलून धरला. उतावळेपणा आणि चालढकल या दोन प्रवृत्तींच्या मागचा आनुवंशिक भाग सामाईक असल्याचे २०१४ मध्ये त्यात दिसले. उतावळा माणूस आणि रेंगाळणारा माणूस वरून परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघांनाही समोरच्या क्षणापलीकडचे धरून ठेवणे जड जाते.

तिसरा प्रवाह भावनांचा, आणि या पुस्तकाचा कल त्याच्याकडे आहे. माझाही आहे. फुशिया सिरवा आणि ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातले टिमोथी पिचल यांनी २०१३ मध्ये मांडले की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, मनःस्थिती सावरण्याचा आहे. कामासोबत काहीतरी नकोसे वर येते: कंटाळा, धास्ती, गोंधळ, आपण कमी पडू ही शंका. आपण जे टाळतो ते हे नकोसेपण, आणि काम त्याच्यासोबत टळते. टाळल्याबरोबर हायसे वाटते, आणि ज्या कृतीने हायसे वाटते ती मेंदू पक्की धरून ठेवतो. आपण ज्याला वेळ मारून नेणे म्हणतो ते प्रत्यक्षात भावना मारून नेणे असते. मग टाळल्याची टोचणी लागते, ती त्या कामाला चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी तेच काम कालच्यापेक्षा अधिक नकोसे होऊन समोर येते. महिनोन्महिने भिजत पडलेल्या घोंगड्याकडे नजरही वळवावीशी का वाटत नाही, याचे उत्तर इथे मिळते.

या विचाराशी जुळणारा एक अनपेक्षित निष्कर्ष त्याआधीच निघाला होता. पिचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली होती, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत चालढकल कमी केली. स्वतःला झोडपल्याशिवाय सुधारणा होत नाही असे शिकवत आलेल्या समाजाला हे पचायला कठीण आहे. पण वरची साखळी नीट पाहिली तर ते तर्काला धरूनच आहे. अपराधीपणा कमी झाला की कामाला चिकटलेले नकोसेपण कमी होते, आणि टाळण्याचे कारणही.

आता मेंदू. कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पुढचे बेत आखतो आणि ते धरून ठेवतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला आहे. भीती आणि धोका यांची दखल घेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठात २०१८ मध्ये २६४ जणांच्या मेंदूंची छायाचित्रे तपासली गेली. ज्यांना ठरवलेली गोष्ट सुरू करणे जड जात होते त्यांचा अमिग्डाला सरासरीने मोठा होता, आणि कृती निवडण्याशी निगडित असलेल्या सिंग्युलेट भागाशी त्याचा संवाद क्षीण होता. कामाच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो तो कल्पनेचा खेळ नसावा, असे सुचवणारा हा पुरावा आहे. मात्र त्यातून कारण सिद्ध होत नाही. मेंदू असा म्हणून सवय तशी, की सवय तशी म्हणून मेंदू असा, हे एका वेळच्या छायाचित्रातून सांगता येत नाही.

डोपामिनबद्दल तर फारच ढिसाळ बोलले जाते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसले की अनपेक्षित फळरस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळले की त्या दिव्यालाच चेतू लागतात, आणि दिवा लागूनही रस आला नाही तर मंदावतात. म्हणजे हे रसायन अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक नोंदवते आणि त्यावरून मेंदू शिकतो. तीन वर्षांनी मिळणाऱ्या पदवीपाशी असा दिवा नसतो. मोबाइलच्या पडद्यावर तो दर मिनिटाला लागू शकतो.

अभ्यासकांचे एकमत आहे असे मात्र वाचकाने समजू नये. तात्काळ फायद्यासाठी मेंदूची एक यंत्रणा आणि दूरच्या फायद्यासाठी दुसरी, असा दावा सॅम्युएल मॅक्लुअर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केला. जोसेफ केबल आणि पॉल ग्लिमचर यांनी २००७ मध्ये त्याला छेद दिला: दोन्हींचे मोल एकाच ठिकाणी ठरते, असे त्यांना आढळले. आपल्या डोक्यात एक सरडा बसला आहे आणि तो विवेकाला हरवतो, ही व्याख्यानांतून गाजलेली कथा मेंदूविज्ञानाने केव्हाच मागे टाकली आहे. या पुस्तकात ती नाही, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. इच्छाशक्ती वापराने संपते हा एकेकाळी दबदबा असलेला सिद्धांतही २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासला तेव्हा डळमळला.

अलीकडच्या कामांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते पॅरिसमधल्या राफाएल ल बूक आणि मात्यास पेसिग्लिओन यांचे, २०२२ मधले. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: दूर ठेवल्यावर बक्षीस लहान दिसते हे ठाऊक आहे, पण कष्टांचे काय? तर कष्टही लहान दिसतात. आज डोंगराएवढे वाटणारे काम उद्याच्या तारखेला नेऊन ठेवले की हलके वाटते, आणि काहींच्या मेंदूत हे हलके होणे फार झपाट्याने होते. सहभागींना घरी भरून परत पाठवायचे फॉर्म दिले होते. ज्यांच्या मेंदूत कष्टांचे वजन काळाबरोबर वेगाने घटत होते, त्यांचे फॉर्म उशिरा आले. ॲकरलॉफ यांना रोज सकाळी जे वाटत होते त्याचे इतके नेटके स्पष्टीकरण दुसरे नाही. उद्या काम सोपे होईल हा भास आहे, आणि उद्या उजाडला की तो उद्या राहत नाही.

हा विषय आज हाती घेण्याची निकड कुठली, असे कोणी विचारेल. स्वीडनमध्ये ३,५२५ विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची चालढकल अधिक होती त्यांच्यात नऊ महिन्यांनी नैराश्य, चिंता, अपुरी झोप, हातांचे दुखणे, एकटेपणा आणि पैशाची ओढाताण यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा निवाडा नव्हे, आणि त्याची तीव्रताही माफक आहे. तरी चालढकल म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, ही समजूत सोडायला एवढे पुरे आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे सलतो हे पाहायचे तर पुण्यातल्या सदाशिव आणि नारायण पेठांतल्या अभ्यासिकांत जावे. राज्यसेवेची तयारी करणारी हजारो मुले-मुली तिथे वर्षानुवर्षे बसतात. फळ लांब, यशाची शक्यता थोडी, परीक्षेच्या तारखा अनिश्चित, गावाकडून विचारणारे फोन रोजचे: संशोधकांनी चालढकलीला पोषक म्हणून जे जे नोंदवले ते सगळे त्या एका खुर्चीभोवती गोळा झालेले असते. तिथल्या मुलाने ठरवलेला विषय सोडून दिवसभर चालू घडामोडींचे व्हिडिओ पाहिले तर त्याला बेजबाबदार ठरवण्याआधी आपण थोडे थांबायला हवे. तसेच चाळिशी-पन्नाशीच्या माणसांचे. तपासणी करून घ्यायची राहते, मृत्युपत्र राहते, भावाशी जमिनीच्या वाटणीचे बोलणे राहते. यातले एकही काम वेळेअभावी राहत नाही. आजचे मरण उद्यावर ढकलण्याची ही उदाहरणे आहेत, आणि त्यांची किंमत कधी कधी पुढच्या पिढीला मोजावी लागते.

मराठीत या विषयावर प्रेरणादायी लेखन पुष्कळ आहे. मेंदूविज्ञानही आता मराठीत सोपे करून येते. या दोहोंना सांधणारे आणि पुराव्याची ताकद किती हे प्रत्येक ठिकाणी प्रामाणिकपणे सांगणारे लेखन थोडे. लेखिकेने नेमकी ती जागा निवडली आहे. मेंदूचा कारभार समजला की उपाय ओघाने सुचतात, ही तिची धारणा पुस्तकभर टिकून आहे. उपाय साधे आहेत, पण प्रत्येकामागचे कारण दिलेले आहे. उदाहरणार्थ, पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ पद्धत. ‘अभ्यास करीन’ या संकल्पाऐवजी ‘रात्रीचे जेवण झाले की लगेच वही उघडून पहिले गणित सोडवीन’ असे स्थळकाळासह ठरवणाऱ्यांच्या हातून ठरलेले काम पार पडण्याची शक्यता ठळकपणे वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. कारण त्या क्षणी निर्णय घेण्याचा भार उरत नाही, प्रसंगच कृतीची आठवण देतो. काम लहान करणे, पहिली पाच मिनिटेच ठरवणे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, नकोशा भावनेला नाव देऊन ती असतानाच हात चालवणे, हे सगळे याच समजुतीतून येते. उपायांच्या २४ अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती सर्वांत परिणामकारक दिसली, आणि पुस्तकाचा व्यवहारी भाग प्रामुख्याने तिच्यावर उभा आहे.

एका ठिकाणी माझे मत थोडे वेगळे आहे. चालढकलीचा सगळा भार व्यक्तीच्या मेंदूवर टाकताना काम देणाऱ्यांची जबाबदारी नजरेआड होऊ शकते. अस्पष्ट सूचना, निरर्थक अहवाल, वर्षानुवर्षे न लागणारे निकाल हेही माणसाला कामापासून दूर ढकलतात. लेखिकेने याचा उल्लेख केला आहे. पुढच्या आवृत्तीत त्याला अधिक जागा मिळावी असे मला वाटते.

शेवटी वाचनक्रमाबद्दल. पुस्तक सलग वाचण्यासाठी लिहिलेले आहे. पण ज्यांना लहानपणापासूनच एका जागी लक्ष टिकवणे जमलेले नाही, ज्यांच्या वस्तू, तारखा, देणी सतत निसटत आली आहेत, किंवा ज्यांना गेले काही आठवडे आवडीच्या कामातही गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, त्यांनी आधी परिशिष्ट उघडावे. अवधानाचा विकार आणि नैराश्य या दोन्हींत काम सुरू न होणे हे लक्षण असू शकते, दोन्हींवर उपचार आहेत, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्यायचे असतात. कोणाकडे जावे, पहिल्या भेटीत काय सांगावे, घरच्यांना सोबत न्यावे का, हे तिथे दिले आहे. पुस्तकातल्या युक्त्या त्या भेटीनंतर वाचल्या तरी चालतील.